वन्संसाठी चिंध्यांचं कार्ड

१९७४ साली, इंग्लंडच्या उत्तरेकडे वेअरडेलच्या खोऱ्यात, मेबल रेनने नणंदेशी, ऑलिव्हशी, धरलेला अकरा वर्षांचा अबोला एका कार्डावर मिटवायचं ठरवलं.

भांडण सासूच्या चौकटीवरून होतं, गोधडी ताणून बसवायच्या. सासू गेली, चौकट सुनेकडेच राहिली. ऑलिव्हने ती मागणारं पत्र धाडलं, आणि तेव्हापासून दोघी प्रार्थनेला येत त्या फक्त एकमेकींच्या टोपीकडे बघायला. पण मेबलचा नवरा बर्ट, ऑलिव्हचा धाकटा भाऊ, छातीच्या दुखण्यातून नुकताच उठला होता. बहिणीने एकदा आपल्या टेबलाशी येऊन बसावं, एवढंच त्याचं मागणं.

ऑलिव्हच्या सत्तरीला मेबलने अजून अर्धवट असलेल्या गोधडीतून उरलेल्या सात षटकोनी तुकड्यांचं फूल जोडलं, जाड कागदावर टाचलं, खाली ‘वन्सं, चहाला या’ लिहिलं आणि बर्टच्या हाती पाठवून दिलं. काम फत्ते!

पसारा आवरताना उरलेला एक तुकडा उलटा पडला. हे तुकडे कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी शिवायचे, आणि गोधडी जोडून झाली की कागद काढायचे, अशी तिकडची रीत. कागद म्हणजे घरातली जुनी पत्रं. या कागदावर मेबलचंच अक्षर होतं: ‘तुमच्या आईलाही तुमचा कंटाळा’.

ऑलिव्हच्या पत्राला रागात लिहिलेलं चार पानी उत्तर! टपालात न टाकता तिने ते कापून गोधडीच्या तुकड्यांत घातलं होतं, आणि कार्डावरच्या फुलातूनही कागद काढलेच नव्हते.

दुसरी कुणी असती तर फूल बघून खूश झाली असती. पण ऑलिव्ह जन्माची गोधडीवाली. अशी बाई पुढची बाजू बघतच नाही, आधी उलट करून टाके तपासते.

एप्रनसकट ती ऑलिव्हच्या घराच्या चढावर धावत सुटली. वाटेत बर्ट रिकाम्या हाताने परत येताना भेटला. ताई हसली, असं तो सांगत होता. ती थांबलीच नाही.

ऑलिव्ह स्वयंपाकघरात बसली होती. नाकावर चष्मा, हातात बारीक कात्री. फूल उसवलेलं आणि सात कागद टेबलावर ओळीने मांडलेले. मेबल दारातच खिळली. ऑलिव्हने एक कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“म्हणजे तू उत्तर लिहिलं होतंस.”

“लिहिलं होतं, वन्सं. रागाच्या भरात.”

“अकरा वर्षं मला वाटत होतं, मी उत्तराच्याही लायकीची नाही.” तिने पुढचा कागद उचलला. “हे ‘तुमचं नाक’ इथेच तुटलंय. पुढचं कुठाय?”

“गोधडीत.”

ऑलिव्हने कोट चढवला.

पुरा हिवाळा दोघी बर्टच्या टेबलाशी बसून गोधडी उसवत होत्या आणि निघेल त्या तुकड्यावर नव्याने भांडत होत्या. ऑलिव्ह पंच्याऐंशी साली गेली. त्यानंतर मेबल भाचीकडे राहायला गेली. बर्ट त्या दोघींच्या आधीच, ऐंशी साली गेला. त्याची शेवटची पाच वर्षं फार सुखाची गेली, दोघींच्या भांडणाचा आवाज न पोचणाऱ्या, त्याने पाळलेल्या कबुतरांच्या खुराड्यात.