एक पान, एक ओळ

निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी अल्लाबक्ष शेख यांना घरात बसणं म्हणून जमलं नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं ते तपासनीस होते. तपासनीस बसला की माल अडला, ही त्यांची शिकवण. आता अडायला माल उरला नव्हता, म्हणून त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले, तेव्हापासून जिरं सापडत नव्हतं. नळ गळत नाही ना, हे बघायला त्याची चकती काढली, आणि नळ गळायला लागला. त्यानंतर स्वयंपाकघरात त्यांना प्रवेशबंदी झाली, ती योग्यच होती.

त्यांच्या बायकोचं, कमरजहांचं, याच्या अगदी उलट. नारायण पेठेतल्या शाळेतून त्या तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, आणि डिसेंबर लागला की त्या आपल्या राज्याच्या राणी. दुपारी गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायचं, मांडीवर लोकर, समोर स्टुलावर पुस्तक. हात विणतायत, डोळे वाचतायत, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही. अल्लाबक्षना ते बघवत नसे. काम चाललंय आणि कामाकडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणजे काय?

"अगं, टाका चुकला तर?"

"चुकत नाही."

"पण तपासतं कोण?"

"अहो, तुम्ही जरा फिरून या बघू."

ते फिरून येत. स्टेशनापर्यंत जाऊन लोकल वेळेवर आहे का बघत, आणि वीस मिनिटांत पुन्हा गॅलरीत उभे.

यंदाचा स्वेटर रुमानासाठी होता. लेक-जावई रविवारी रात्री सिमल्याला निघणार होते. मोरपंखी लोकर, पुढच्या भागावर वेलबुट्टी, आणि नक्षी कमरजहांच्या स्वतःच्या डोक्यातली. पाठीचा भाग झाला होता, बाह्या झाल्या होत्या, पुढचा भाग निम्म्याहून जास्त वर आला होता. आईच्या हातचा स्वेटर घातल्याशिवाय मी विमानात बसणार नाही, असं रुमानानं आधीच जाहीर केलं होतं.

बुधवारी माप बघायला म्हणून कमरजहां लेकीकडे गेल्या आणि अल्लाबक्ष घरात एकटे उरले. एकटा सापडलेला तपासनीस काय करणार? त्यांनी स्टुलावरचं पुस्तक उचललं. वाचनालयातली खुनाची कादंबरी. परत करायची तारीख दुसऱ्या दिवशीची. पानं चाळली, तर समासात ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा, अगदी एकशे साठाव्या पानापर्यंत. कारखान्यात खूण केली म्हणजे माल तपासून पास. म्हणजे पुस्तक वाचून झालं, मग ते घरात कशाला? पुस्तकात लोकरीचा एक तुकडा होता, तो त्यांनी कचरा समजून काढला, बस पकडली आणि नारायण पेठेत जाऊन पुस्तक एक दिवस आधी परत करून आले. येताना बदली पुस्तकही आणलं, जाडजूड, मधुमेहावरचं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना शांत झोप लागली.

सकाळी कमरजहांनी स्टुलाकडे पाहिलं.

"माझं पुस्तक? आज मुदत वाढवून आणायचीय."

"परत केलं. मुदतीच्या आत!"

"अहो, पुस्तक कुठलं, अर्धा स्वेटर परत केलात तुम्ही!"

मग सगळा उलगडा झाला. एक पान वाचायचं तेवढ्यात एक ओळ विणून होते, हा कमरजहांचा तीन वर्षांचा हिशेब. म्हणून नवा स्वेटर घेतला की त्या सगळी नक्षी आधीच पुस्तकाच्या समासात मांडून ठेवत. या पानाला वेल वळवायची, या पानाला बगलेपाशी मुंढ्याचे टाके कमी करायचे, या पानापासून गळा. पान उलटलं की पुढची ओळ आपोआप समोर. आता सुईवर एकशे अठरा ओळी होत्या आणि पुढच्या बेचाळीस ओळी नारायण पेठेत.

"डोक्यात नाही का नक्षी?" अल्लाबक्षनी भीतभीत विचारलं.

"डोक्यात राहिली असती तर लिहिली कशाला असती?"

अल्लाबक्षना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चुकीचा नग बाहेर गेला नव्हता, आणि स्वतःच्या लेकीचा स्वेटर त्यांनी स्वतःच्या हातानं भलतीकडे रवाना केला होता. दोघं तडक वाचनालयात गेले. पण पुस्तक बुधवारीच बाहेर गेलेलं. काउंटरवरची दीपाली आधी पत्ता देईना, पण शाळेतल्या आपल्या बाई समोर उभ्या म्हटल्यावर तिनं तो हळूच कागदावर लिहून दिला. घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर.

दार रंगराव नावाच्या उंच, वाळक्या गृहस्थांनी उघडलं. आत या म्हणाले नाहीत. सगळी हकिगत त्यांनी उंबरठ्यावरच ऐकून घेतली.

"म्हणजे ती अक्षरं आपली?"

"हो. तेवढी उतरवून घेतो आणि जातो," कमरजहां म्हणाल्या.

"उतरवायला काही शिल्लक नाही. काल बसून सगळी खोडली. दीड तास गेला माझा. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे शाळेत शिकवतात."

तीस वर्षं शाळेत नेमकं हेच शिकवलेल्या कमरजहां आपल्या चपलांकडे बघायला लागल्या. अल्लाबक्ष मात्र पुढे सरसावले. बायकोचा हात जड आहे, हे वाणसामानाच्या याद्या वाचून त्यांना माहीत होतं.

"साहेब, खोडलं तरी पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. मी आयुष्यभर गोळ्यांवरचे केसाएवढे ओरखडे तिरप्या उजेडात शोधलेत. पुस्तक तीन दिवस द्या. उन्हात धरून एकेक पान वाचून काढतो."

"पुस्तक माझ्या नावावर आहे. घरात अजून वाचून व्हायचंय. सात दिवसांनी वाचनालयात मिळेल. नमस्कार."

दार लागायला लागलं. अल्लाबक्ष जिन्याकडे वळले. कमरजहां मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"राहू द्या हो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "गोष्टीवरून आठवेल मला. वेल वळवली ती डॉक्टर पोलिसांशी खोटं बोलतो त्या पानाला. मुंढा त्या भाचीचं पत्र सापडतं तिथं. आणि गळा खुनी सापडतो तिथपासून. हां, आठवलं! तो नाही का तो, ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो, तो—"

"बाई! थांबा!" रंगराव केवढ्यानं तरी ओरडले आणि चमकून आतल्या खोलीकडे बघायला लागले.

"काय झालं हो?" आतून त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही!" रंगराव घाईनं आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. "हे घ्या. सोमवारी परत. आणि कृपा करून जिन्यात बोलू नका."

रिक्षात बसल्यावर अल्लाबक्षना राहवेना. "कोण गं खुनी?"

"मला काय माहीत? मी एकशे अठरावर आहे."

अल्लाबक्षनी बायकोकडे नीट निरखून पाहिलं. पस्तीस वर्षं संसार केला, पण ही बाजू तपासायची राहूनच गेली होती.

शुक्रवारी सकाळपासून गॅलरीत दोन खुर्च्या पडल्या. अल्लाबक्ष पान तिरपं धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, समासाला नाक लावायचे आणि सांगायचे, "एकशे तेवीस. दोन्हीकडून एकेक टाका कमी." कमरजहां विणायच्या. चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. लोकल येऊन गेली, कुणी वेळ बघितली नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते सलग तीन तास बसले आणि कमरजहांना त्यांचं अतोनात कौतुक वाटलं. शनिवारी दुपारी शेवटचे टाके बंद झाले. संध्याकाळी रुमाना स्वेटर घालून आरशासमोरून हलेना.

"अब्बा, तुम्ही मदत केलीत?" तिनं विचारलं.

"तपासणी माझी," अल्लाबक्ष म्हणाले आणि त्यांनी बाहीची शिवण पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली.

इथं गोष्ट गोड व्हायला हरकत नव्हती. पण रविवारी दुपारी कमरजहां पुस्तक घेऊन उन्हात बसल्या, आता विणकामाशिवाय निवांत वाचायचं म्हणून, आणि अल्लाबक्षच्या पायांना पुन्हा भिंगरी लागली. समास वाचता वाचता मजकूरही वाचला गेला होता. खुनी त्यांना ठाऊक झाला होता, आणि पोटात मावत नव्हता.

"कुठवर आलीस?"

"एकशे बावीस."

दोन मिनिटांनी, "आता?"

"एकशे तेवीस."

"त्या डॉक्टरबद्दल तुला काय वाटतं गं?"

कमरजहांनी पुस्तक मिटलं. "एक शब्द जरी बोललात ना, तर स्वेटर उसवीन! जा. बाहेर जा. माझं वाचून होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही."

अल्लाबक्ष बाहेर पडले. स्टेशनावर गेले, तर रविवारच्या लोकलमध्ये तपासण्यासारखं काही नव्हतं. मित्रांना सांगावं तर त्यांतल्या कुणी कादंबरी वाचलेली नाही, त्यांना खुनी सांगून उपयोग काय? शेवटी पाय त्यांना बसमध्ये घेऊन गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारासमोर उभं करून मोकळे झाले.

"पुस्तक आणलंत?" रंगरावांनी विचारलं.

"नाही. बायको वाचतेय."

"मग येणं का केलंत?"

"सहज. घरात बसवत नव्हतं."

रंगरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाहेर आले, मागचं दार ओढून घेतलं आणि अगदी कानाशी येऊन म्हणाले,

"कंपाउंडर ना?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग त्या दिवशी ओरडलात कशाला?"

"आत सुशीला होती. वाचायचं तिचं राहिलंय, माझं नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. चुका शोधायच्या तर शेवटापासून उलटं वाचावं लागतं, नाहीतर माणूस गोष्टीत अडकतो. खोडतानाही तसंच केलं, आणि पहिल्याच पानाला खुनी हातात आला. लग्न नवं होतं तेव्हा हिला असाच एक खुनी सांगून बसलो होतो. आठवडाभर आमटीत मीठ नव्हतं. बुधवारपासून तोंड मिटून बसलोय."

"मी कालपासून," अल्लाबक्ष कळवळून म्हणाले. "पण साहेब, एक सांगा. ती विषाची बाटली. एकशे सेहेचाळीस पानावर कपाटात आहे—"

"आणि एकशे बावन्नवर खिडकीत!" रंगरावांचे डोळे लकाकले. "मधल्या काळात खोलीला कुलूप! ही चूक आपल्यालाही दिसली?"

"पहिल्याच नजरेत. असा नग मी पास केला नसता!"

"अहो, कोण आलंय?" आतून सुशीलाबाईंचा आवाज आला.

"कुणी नाही!" रंगराव ओरडले, चपलांत पाय सरकवले आणि अल्लाबक्षचं कोपर धरलं. "इथं नको. खाली चला. अजून सात चुका आहेत."