माल फुकट, अक्कल इकत

मिरजेच्या अण्णा मगदुमांवर अन्याय झाला. यंदाच्या पाडव्याला, भर सकाळी, सांगलीतल्या एका संगणक क्लासच्या उद्घाटनात, टाळ्यांच्या कडकडाटात झाला. अण्णांनी लिहिलेलं पुस्तक क्लासवाल्यांनी झेरॉक्स करून फुकट वाटलं.

"मग बिघडलं काय? अण्णा तरी लिनक्स फुकटच वाटतात की!" असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी अशी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांना तिचा नाद लागला. कोऱ्या फ्लॉप्या घेऊन जा, ते भरून देणार. पण ती मशीनवर चढवायची कशी, एवढं विचारलं की अण्णांचा तळहात पुढे!

"माल फुकट, अक्कल इकत. पुस्तक घ्या."

लोणंदच्या एका व्यापाऱ्याने घासाघीस केली, "मी निम्मंच वाचणार. निम्मे पैसे घ्या." अण्णा म्हणाले, "घेतो की. मग मशीनबी निम्मंच चालू हुईल."

लिनक्सचा प्रचार करणाऱ्या आमच्या मंडळाचा एक कार्यकर्ता "ज्ञान विकता?" म्हणत तावातावाने चालून गेला. "आवं, ज्ञान फ्लॉपीत हाय, ते न्या की," अण्णा म्हणाले. "मी डोळं फोडून मराठीत लिवलंय, त्याचं बोला." कार्यकर्ता दोन प्रती घेऊन परतला.

अण्णांचं बरोबर आहे. स्वातंत्र्य म्हणजे फुकटेगिरी नव्हे. त्यांच्या कष्टाचं मोल त्यांनीच ठरवायचं. म्हणून मी 'श्रमाची चोरी थांबवा!' असं पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी त्यांना दाखवायला गेलो.

दुपारची वेळ. एरवी या वेळी दारात चपलांचा ढीग असायचा. कवठे महांकाळचा एक मास्तर तर अख्खी मशीन वाकळेत गुंडाळून एसटीने आणायचा. "पान वाचलंस का, गाढवा?" असं ओरडतच अण्णा चहाचं आधण ठेवायचे. आज दारात फक्त माझ्या चपला.

अण्णांनी पत्रक बाजूला सारलं. ती झेरॉक्स पुढ्यात ओढून शेवटचं पान उघडलं.

"पैशाचं मरू दे रं. हितली वळ का कापली त्यांनी?"

मूळ पुस्तकात तिथे पत्ता होता आणि त्याच्या वर एक ओळ होती, 'एवढं करूनही चाललं नाही, तर घरी या. दुपारी मी असतोच.' अडलेला माणूस आपल्याच क्लासला यावा म्हणून क्लासवाल्यांनी तेवढंच उडवलं होतं.

"तुझी काकू गेल्यावर लिवलं हे पुस्तक," अण्णा म्हणाले. "पाडव्यापास्नं भांडायला एक माणूस आलं न्हाई गड्या."

मी पत्रक फाडलं आणि हे लिहायला बसलो.

वाचकहो, ती झेरॉक्स तुमच्या घरी असेल, तर या आठवड्यात मिरजेला जा. तानपुरे बनवतात त्या गल्लीत अण्णांचं घर कुणीही दाखवेल. पुस्तक विकत घ्या आणि मग तासभर भांडा. काही अडलं नसेल, तर अडवून घ्या. पण दुपारीच जा.