लाल सिग्नलवरचा दरोडा

मंडळी, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! माझाही बसला नसता, पण स्टिअरिंगवर मीच होतो. भर दुपारी बँक लुटून निघालेली टोळी, मागे शहरातले झाडून सगळे पोलीस, आणि त्या टोळीला नदीपार नेणारा ड्रायव्हर म्हणजे हा पांढऱ्या मिशीचा म्हातारा!

हे मी सलूनच्या बाकावर बसून टाकलं, तेव्हा सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. गिऱ्हाईक म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर. तोंडभर फेस, त्यातून नुसते डोळे दिसत होते आणि तेही बशीएवढे झालेले.

"काका, हळू बोला," सलूनवाला म्हणाला. "दुकान बंद पाडाल माझं."

"अरे, खरी बँक नव्हे. कॉम्प्युटरवरची!"

"असं होय!" वस्तरा पुन्हा चालू झाला. पण कान माझ्याकडेच होते. मास्तरांच्या गालाला त्यातला धोका कळला असावा, कारण ते श्वास रोखून बसले.

आता तुम्हाला माझी विद्या ठाऊक आहे. जन्मभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाला क्लच सोडायला मी शिकवलं. उरलेले अर्धे माझ्याकडे न शिकताच गाडी चालवतात, ते तुम्हाला रस्त्यावर दिसतातच! असा मी, आणि परवा आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडीचा गाल किंचित घासला. खांब हलला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण आमचा मुलगा पडला विमा कंपनीत, ठोकलेल्या गाड्या तपासायच्या कामावर. दुसऱ्या कुणाचा मुलगा 'असू दे हो बाबा' म्हणाला असता. हा पठ्ठ्या गुडघ्यावर बसला, चारी बाजूंनी फोटो काढले, 'चालकाची चूक' असा निकाल दिला आणि चावी खिशात टाकली!

ज्याची चावी गेली त्या ड्रायव्हरची घरात स्टेपनी होते बघा. असते आपली डिकीत, पण हवा आहे की गेली, कुणी विचारत नाही.

विचारलं ते सूनबाईनं. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि घरी आली की कॉम्प्युटरवर बँका लुटते. मला म्हणाली, "बाबा, असे तोंड पाडून बसू नका. या, इथे चालवा गाडी. इथे कुणी चावी मागत नाही."

मी म्हटलं, पोरखेळ असेल. बसलो, आणि मंडळी, काय सांगू ते शहर! लांबच लांब रस्ते, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. वाटेल त्या गल्लीत शिरा, कुणी 'इकडे कुठे?' म्हणत नाही. पाऊस आला की डांबर चकाकतं, लोक छत्र्या उघडतात, आणि ज्याच्याकडे छत्री नाही तो पेपर डोक्यावर धरून पळतो! गाडीत रेडिओ, स्टेशन बदलावं तसं गाणं बदलतं. मी एका चौकात नुसता उभा राहिलो. एक बाई कुत्र्याला ओढत होती, कुत्रं तिला ओढत होतं. दोन टॅक्सीवाले गुद्द्यांवर आले होते. माझ्यावाचून सगळं शहर आपलं आपण चाललं होतं. ज्यानं हे घडवलं त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं!

एकच भानगड होती. त्या शहरात गाडी विकत नाही घ्यायची, उचलायची. माझा तिथला अवतार म्हणजे दंडभर गोंदलेला एक आडदांड गडी. मी आपली सभ्यपणे एका गाडीची काच वाजवावी म्हणून कळ दाबली, तर ह्या गड्यानं दार उघडून आतल्या माणसाला गचांडी धरून रस्त्यावर भिरकावलं!

"माफ करा हो!" मी स्क्रीनला हात जोडले.

"बाबा, त्याला ऐकू येत नाही."

"मग त्याला घरी तरी सोडतो."

म्हणून मी हॉर्न वाजवत त्याच्या मागे गेलो. तो 'वाचवा वाचवा' करत पळत सुटला. मी आणखी जवळ गेलो, तो आणखी पळाला. माणसाला लिफ्ट देणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं! शेवटी पोलीसच माझ्या मागे लागले.

"पण काका, गुंडगिरीचा खेळ तो," सलूनवाल्यानं मध्येच तोंड घातलं. "शिकल्यासवरल्या डॉक्टरीणबाईंना त्यात काय गोडी?"

मीही तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, दिवसभर लोकांना आ करा, चूळ भरा, हलू नका, असं सांगत असते. संध्याकाळी वाटतं, आता कुणीतरी हलावं!"

पटलं मला. माणूस जितका सरळ, तितकी त्याला वाकड्या गल्लीची हौस. आणि इथे वाकडं जाऊन कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. पडलेला माणूस कपडे झटकून पुन्हा चालू लागतो. असं खऱ्या गावात होतं का?

तर, सूनबाईची तिथे टोळी होती. एक ती आणि दुसरी तिची मैत्रीण, डोळ्यांची डॉक्टर. ही तिच्या घरून खेळायची, आवाज आमच्या स्पीकरवर. त्या दिवशी मोठा दरोडा ठरला होता आणि नेमका त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे लहान मुलांचा एक डॉक्टर, पेशंटमध्ये अडकला. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलाचा लॅपटॉप माझ्यापुढे आला.

मुलगा हसला. "बाबा चालवणार? बरं! टोळीला नदीपार न्या. गाडीला ओरखडा न येता नेलीत, तर चावी तुमची."

"खरी चावी?"

"खरी चावी."

मंडळी, त्या क्षणी माझ्या अंगात वीज शिरली. मी मिशीवरून हात फिरवला आणि बँकेच्या दाराशी गाडी लावली. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यात, अगदी मधोमध! आतून धुमधडाका झाला. दोघी डॉक्टरीणबाया पोती खांद्यावर घेऊन धावत आल्या आणि मागे बसल्या.

"बाबा, पळा!"

"आरसे नीट करू दे."

"बाबा!"

निघालो. पोलिसांचे भोंगे वाजू लागले. वेग कसा, तर लोण्यातून सुरी. पहिलाच चौक आला आणि सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला.

घरात जी किंचाळी उठली म्हणता! "बाबा, थांबलात कशाला?"

"लाल आहे."

"आपण बँक लुटलीय!"

"बँक तुम्ही लुटलीत. सिग्नल मला लागलाय!"

स्पीकरमधून मैत्रीण म्हणाली, "काकांना लाल रंग दिसतोय. म्हणजे डोळे उत्तम आहेत!" एवढ्या गोंधळातही तिनं मला फुकट तपासलं.

"आणि पोलीस?" फेसातून मास्तरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आले ना! आले आणि माझ्या मागे थांबले. ओळीनं!"

"थांबले?"

"थांबतील नाही तर काय? पुढचा थांबलाय म्हटल्यावर मागच्याला लाज वाटते. वर हेलिकॉप्टर होतं, तेही जागच्या जागी थांबलं."

"काका, हेलिकॉप्टरला कुठला सिग्नल?" सलूनवाला म्हणाला.

"ते पायलटला विचार! मी माझी लेन सांभाळत होतो."

हिरवा झाला, निघालो. पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मी थांबलो. मागचे पोलीस थांबले. त्यांचा साहेब खाली उतरला, म्हातारीला हात धरून पलीकडे सोडलं, मला मानेनं 'चला' म्हणाला, आणि पाठलाग पुन्हा सुरू! हळूहळू सगळं शहरच माझ्यासारखं चालवू लागलं. त्या टॅक्सीवाल्यांनी गळाभेट घेतली. मुलगा टॉर्च घेऊन स्क्रीनपुढे गुडघ्यावर बसला होता. बंपर बघ, दार बघ, मडगार्ड बघ. ओरखडा सापडेना, तसा त्याचा चेहरा उतरत चालला.

आणि मग पूल आला. खाली नदी, मावळतीचं ऊन पाण्यावर सांडलेलं, रेडिओवर संथ गाणं. मी काच खाली केली. खरं सांगतो, वारा लागला तोंडाला! पुलावरून गाडी अशी नेली, अशी नेली, की पोटातलं पाणी हलू नये. पलीकडे पोचलो, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मागे वळून पाहतो तर पोलीस रांगेत उभे राहून सलाम ठोकतायत! आणि आमचे चिरंजीव उठले, खिशात हात घातला, आणि डोळ्यांत पाणी आणून चावी माझ्या तळहातावर—

इथे मी हात पुढे केला, चावी दाखवल्यासारखा. पण टाळी पडेना. मास्तर आरशातून माझ्या डोक्यावरून मागे, दाराकडे बघत होते.

मी वळलो. दारात सूनबाई, हातात माझं हेल्मेट.

"बाबा," ती म्हणाली, "मागच्या सीटवर मी होते. पूल डावीकडे होता, तुम्ही उजवीकडे वळून थेट नदीत नेलंत आम्हाला. तेही रीतसर इंडिकेटर देऊन! चला, स्कूटरवर मागे बसा."