बोंबलाला चालेल अशी वाइन

आमच्या मोरिवलीचे दत्तूदादा भोईर वाइन आधी पीत नाहीत, तिच्यात कागद बुडवतात. मग दुसरा कागद बोंबलाच्या कालवणात. दोन्ही खिडकीत उजेडाला धरायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "जमतंय." किंवा, "नाय जमत. पोटात भांडतील."

दादा रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. रंग बदलून आंबटपणा दाखवणारे हे कागद त्यांनी निवृत्त होताना पिशवीभर घरी आणले. पांढरी, गोडवा नसलेली वाइन कालवणापेक्षा जराशी जास्त आंबट हवी, नाहीतर ती तोंडात पाण्यासारखी लागते, असा त्यांचा सिद्धांत. बरोबर असेलही. पण कालवणात हळद असते, त्यामुळे तिथला प्रत्येक कागद पिवळाच निघतो. हे मी त्यांना कधी बोललो नाही. मी चव घ्यायला बसवलेला माणूस. सोसायटीच्या मीटिंगला जातो असं घरी सांगायचो आणि इथे फुकटचे बोंबील खाऊन प्रत्येक घोटाला मान डोलवायचो. लिहायलाच बसलोय तर हेही सांगतो, मला सगळ्या बाटल्या सारख्याच लागल्या.

बाटल्या उल्हासनगर कॅम्प पाचमधून यायच्या. वालाच्या बिरड्याबरोबर कुठली चालेल, असं दादांनी तिथल्या सिंधी दुकानदाराला विचारलं. बिरडं म्हणजे काय हे त्याला कळेना, म्हणून पुढच्या खेपेला डबा भरून नेला. त्याने गल्ल्यावरच डबा संपवला आणि म्हणाला, "दादा, बोतल छोडो, ये रोज लाओ."

हा सगळा खटाटोप जावयासाठी. दादांची एकुलती सोनल. तिने नाशिककडच्या गिरीशशी लग्न ठरवलं, तो वाइनच्या कारखान्यात कामाला. दारू गाळणाऱ्याला पोरगी देणार नाही, म्हणाले दादा. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला दारूच्या पिंपाशी वाटायला उभे होते, त्यांनी हे बोलावं. सोनलने कोर्टात लग्न केलं आणि येणं बंद केलं. वहिनी त्याआधीच वारलेल्या. दादा एकटेच रांधायचे, एकटेच जेवायचे. मग एकदा सोनलचा फोन आला, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जेवायला येतो. त्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली.

"जेवन फसलं तर परत कशाला येतील रं ती?" दादा मला म्हणाले होते.

ती दोघं आली. बोंबील, कोलंबी, बिरडं, उंच दांड्याचे नवे ग्लास. बोलणं अडलं तर ढकलायला मलाही पंगतीला बसवलेलं. दादांनी वाइन ओतली आणि पाठ केल्यासारखं बोलत सुटले, कोकमाचा आंबटपणा, कोलंबीचा गोडवा, कुठल्या घासावर कुठला घोट. कागदही काढून दाखवले. सोनल ताटातून मान वर करत नव्हती. गिरीशने सगळं नीट ऐकलं, ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग चाचरत म्हणाला, "बाबा, राग मानू नका. कामावर दिवसभर हेच चाखतो मी. ताक आहे का?"

माशांवर ताक मागणाऱ्या माणसाला दादांनी एरवी ताटावरून उठवलं असतं. ते स्वतःच उठले आणि आत गेले. सोनल कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो.

दादा पातेल्यात दही घुसळत होते. जोरजोरात. ओट्यावर शिंतोडे उडत होते. मी म्हटलं, दादा, मनाला लावून घेऊ नका, आजकालची पोरं अशीच.

"गप रे. पाव्हना असता तर मुकाट पिला असता." त्यांनी डोळे खांद्याला पुसले. "मागून घेतोय तो. घरच्यासारखा."

मला बाजूला सारून त्यांनी मिठाची बरणी काढली आणि तिथूनच हाक दिली, "गिरीश, मीठ किती घालू रं?"