एक सोडून बाकी सगळं

रिकामा ट्रक दारात येऊन उभा राहिला की डबीरकाका आधी त्यात चढत आणि चक्क आडवे होत. डोकं ड्रायव्हरच्या केबिनकडे, पाय मागच्या फाळक्याकडे. मग एकदा डाव्या कुशीवर, एकदा उजव्या. ड्रायव्हर नवखा असला की घाबरून विचारी, "दादाजी, तबीयत तो ठीक है?" काका डोळे मिटूनच हात वर करत. त्यांचं माप घेणं चाललेलं असे. मग उठून, धोतर झटकून, ते घरच्यांना निकाल सांगत, "एक सोडून बाकी सगळं बसते."

काका आमचे जबलपूरच्या रांझीतले शेजारी. फॅक्टरीत पॅकिंगच्या कामात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. आमच्या गल्लीत त्या काळी बरीच मराठी घरं होती, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यातलं एखादं कमी व्हायचं. कोणाची बदली, कोणी रिटायर होऊन नागपूरला परत, कोणाचा मुलगा पुण्याला. जायचं ठरलं की पहिली बातमी देवाला आणि दुसरी काकांना. सामान ते भरून देत, पण चहापलीकडे कोणाकडून काही घेत नसत.

काका घरातून एक फेरी मारत आणि तोंडीच सगळा खर्च सांगत. ट्रकचं भाडं, हमाल, ताडपत्री, सुतळी, जकात नाक्यावरचा खोळंबा, वाटेतलं ड्रायव्हरचं जेवण. शेवटचं कलम असे 'रडारड'. हे कलम ऐकून सगळे हसत. काका मात्र गंभीर असत. "निघताना बाया रडतात. मग माणसं रडतात. मग घराची चावी सापडत नाही. तेवढा वेळ ट्रक उभाच राहते ना? मग त्याचे पैसे काहून नाही धरायचे?" आणि निघायच्या दिवशी ट्रक खरोखरच तेवढा वेळ उभा राही. हसणारेच सगळ्यात जास्त रडत.

काकांचा अंदाज कधी चुकला नाही. काचेचं भांडं कधी फुटलं नाही. पण दर वेळी एक वस्तू मागे राहायची. ती कोणती, हे काका ठरवत. "ह्याचे पाय आडवे येतात," नाही तर "हे गादीले दाबते" असं काहीतरी कारण निघे. मग ती वस्तू काकांच्या घरी जाई. "माझ्याकडे राहू द्या. आले की घेऊन जाजा."

गल्लीत अर्थातच कुजबुज होती. फुकटात संसार जमवतो म्हातारा, असं लोक म्हणत. मला हे पटायचं नाही, कारण त्या वस्तू काका वापरत नसत. स्वतः सतरंजीवर झोपत आणि कोणाची तरी लोखंडी कॉट शेजारी चादर पांघरून पडलेली असे. रोज सकाळी ते सगळ्या सामानावरून फडकं फिरवत आणि वस्तूंना मालकांच्या नावानं ओळखत. "काल मुठाळांवर पाल पडली" म्हणजे मुठाळांच्या शिवणयंत्रावर.

सुरुवातीला काका हलक्या वस्तू ठेवून घेत. देवपुजाऱ्यांचा पितळी खलबत्ता असाच राहिला होता. काही वर्षांनी देवपुजारी एका लग्नासाठी नागपूरहून आले आणि आठवणीनं काकांकडे गेले. काकांनी पोहे केले, आम्हालाही बोलावलं, गप्पा संध्याकाळपर्यंत रंगल्या. उठताना देवपुजाऱ्यांनी खलबत्ता पिशवीत टाकला. काकांनी तो स्वतः कागदात गुंडाळून दिला. त्यानंतर देवपुजारी जबलपूरला दोनदा येऊन गेले म्हणे, भेडाघाटसुद्धा फिरून गेले. आम्हाला ते बाहेरून कळलं.

तेव्हापासून काकांच्या 'एक सोडून'चं वजन वाढत गेलं. कॉट झाली, शिवणयंत्र झालं, एकाचं दगडी जातं झालं. आम्ही घरात बसून यावर पुष्कळ विनोद केले. आई तेवढी हसत नसे.

मग माझीच पुण्याला बदली झाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला इथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही निघालो की गल्लीत मराठी बोलणारं एकच घर उरणार होतं आणि त्या घरात माणूसही एकच होता.

काका फेरी मारायला आले. रडारडीचं कलम या वेळी त्यांनी नाव न घेता नुसतं बोट दुमडून धरलं. स्वयंपाकघरात आले आणि आईच्या पाट्यासमोर थांबले. हा काळा पाटा आणि त्याचा वरवंटा वडिलांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बरगीकडून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. वाटेत टायर बसलं तेव्हा मागून पाटा धरून चालत आले ते डबीरकाकाच.

"हा नाही बसणार," काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, आमचं सामान अर्धा ट्रकही नाही. ते ऐकेनात. दगड सरकतो, कपाटाला मार बसतो, घाटात वजन एका बाजूला जातं, अशी कारणं देत राहिले. मीही इरेला पेटलो. पाटा तळाशी, केबिनला लागून ठेवला तर काय बिघडतं, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं त्यांना परत शिकवलं. शेवटी ते खाली बसले आणि पाट्यावर हात ठेवून आईशी बोलू लागले.

"वहिनी, आपला मराठी मुलूख ह्या राज्यातून वेगळा झाला तेव्हा माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं ऑफिस तिकडे गेलं. त्याचं बिऱ्हाड मीच भरलं होतं. पहिलंच काम माझं. असं भरलं, असं भरलं, की सुई नाही राहिली मागे. दादा म्हणाला, शाब्बास. मीही खूश." त्यांनी पाट्यावरून हात फिरवला. "मग तो कशाला येईल इकडे? काही राहिलंच नव्हतं ना त्याचं."

"तुम्ही होता ना, भाऊजी," आई म्हणाली.

"मी होतो," काका म्हणाले. मग उठले. "चलो. घेऊन जा पाटा. तुमची वस्तू आहे."

निघायच्या दिवशी काका नेहमीप्रमाणे ट्रकमध्ये आडवे झाले, पण उठून धोतर झटकलं आणि निकाल न सांगताच खाली उतरले. पाटा त्यांनी हमालांना हात लावू न देता स्वतः माझ्याबरोबर उचलला आणि केबिनला लागून, गोणपाटात गुंडाळून ठेवला. मग कपाट, गाद्या, डबे. दुपारपर्यंत सगळं सामान चढलं आणि तरी मागे जागा उरली. काकांनी दोर आवळला. ड्रायव्हरनं विचारलं, "दादाजी, सब आ गया?"

"आ गया," काका म्हणाले आणि फाळक्याला हात लावून उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांना ट्रकजवळ पाहत होतो, पण दोर बांधल्यावर असे रिकाम्या हातांनी उभे राहिलेले कधी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिनं ते काकांच्या हातात दिलं. फडकं सरकलं तेव्हा दिसलं, वरवंटा होता. पाट्याबरोबर चढवायचा तो तिनं मुद्दाम आत ठेवून घेतला होता.

"हा नाही बसला, भाऊजी," आई म्हणाली. "तुमच्याकडे राहू द्या."

काकांनी वरवंटा छातीशी धरला. ट्रक अर्धा रिकामा होता, हे ड्रायव्हरलाही दिसत होतं. त्या दिवशी रडारडीला काकांनी धरलेला वेळ पुरला नाही, आणि ज्यादा वेळ त्यांनीच घेतला.

पुण्याच्या घरात पाटा बाल्कनीत भिंतीला टेकून उभा आहे. चटण्या मिक्सरमध्ये होतात. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, नुसता पाटा कशाला ठेवलाय, देऊन टाका. आई म्हणाली, देता कसा येईल, त्याचा वरवंटा जबलपूरला आहे, आणायला जायचंय. आणि ती खरंच जाते. दर वर्षी थंडी सरली की मला सुट्टी काढायला लावते.

परवाही जाऊन आलो. काका आता वाकलेत, पण वरवंटा तेल लावून लख्ख ठेवलाय. पोहे झाले, चहा झाला, गल्लीतल्या गेलेल्या सगळ्या घरांची चौकशी झाली. निघताना काकांनी वरवंटा उचलून आईसमोर धरला.

"घेऊन जाता का, वहिनी?"

"या वेळी नको, भाऊजी. सामान फार आहे. नाही बसायचा."

काकांनी आईच्या हाताकडे नीट पाहिलं. हातात एक कापडी पिशवी होती, तीही रिकामी.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नाहीच बसणार."