बिनमिठाचा चीक

गायकवाड सर कुणाकडेही गेले की चहाच्या आधी तिथला एखादा कागद उचलून खिडकीकडे धरतात. लग्नपत्रिका असो, बेकरीतल्या ब्रोटशनची, म्हणजे छोट्या पावांची पिशवी असो, नाहीतर आमच्या घरमालकाची भाडेवाढीची नोटीस. मी धास्तावून विचारते, सर, काय लिहिलंय? ते म्हणतात, "लिहिलंय ते सोडा ताई. लाकडाचा लगदा आहे. पिवळा पडणार." भाडं वाढायचं ते वाढतंच, पण कागद टिकणार नाही, एवढं समाधान ते देऊन जातात.

इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. हयात गेली दवाखान्याची यंत्रं करण्यात, पण जीव जपानी कागदात. तुतीच्या जातीच्या झाडाची साल कुटून, हातानं केलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. सरांच्या दिव्याची शेड त्याची, छत्रीला ठिगळ त्याचं. पोह्यांच्या पिशवीचं तोंड बांधायलासुद्धा रबर नाही, त्याच कागदाचा पीळ. आमच्या जिन्यात हाउसऑर्डनुंग लावलेली आहे, म्हणजे बिल्डिंगच्या नियमांचा कागद. तो कोपऱ्यात फाटला, तर सरांनी कुणाला न सांगता सांधला. नियमांतच लिहिलंय की जिन्यात काही चिकटवू नये. बिल्डिंगची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर चष्मा लावून बोट फिरवत राहिला, पण सांधा सापडेना. तक्रार कशाची करणार?

सेलोटेपला ते गुन्हा म्हणतात. "आल्झो, म्हणजे जोड अशी हवी की उद्या कुणाला काढावीशी वाटली तर नुसत्या पाण्यानं निघाली पाहिजे."

मी नववीत शाळा सोडलेली. इथे कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवते. दारात सरकारी लिफाफा पडला की अजून तो न फोडताच वर घेऊन जाते. सर शेजारी बसून वाचून दाखवतात. व्हिसाच्या कामाला आउसलेंडरबेहोर्डेत माझ्यासोबत येतात आणि साहेबानं विचारलं तरी मधे बोलत नाहीत, मलाच बोलू देतात. गावाकडे माझ्यासाठी एवढं थांबायला कुणाला वेळ नव्हता.

यंदा त्यांच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं. आधी श्टांडेसआम्टमध्ये नोंदणी, मग घरी बुद्धवंदना. वडील मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पण या वेळी तिनं मराठीत मागितलं: आईची साडी, आणि त्यावर आईच्याच मापाचं ब्लाऊज. तिची आई, पुष्पाकाकू, मी इथे येण्याआधीच गेल्या. ब्लाऊज एकही उरलं नव्हतं. उरलं होतं काकूंनी स्वतःचं ब्लाऊज बेतायला मापानं कापून ठेवलेलं पेपर कटिंग, जुन्या मराठी वर्तमानपत्राचं. घडी उलगडताना त्याचे तुकडे पडायला लागले. ते गेलं की माप गेलं. ब्लाऊज मी शिवणार होते, पण सरांनी मला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी मी, मग तुम्ही.

त्याच दिवसांत मी कुरडयांसाठी गहू भिजवले होते. गरम चीक वर पाठवला. डबा घासून परत आला, सोबत निरोप: पुढच्या वेळी मीठ-हिंग नको. म्हटलं, बीपी असेल. बिनमिठाचा पाठवला. मग निरोप आला, अजून पातळ चालेल का, गुठळी अजिबात नको. मग माझ्या लक्षात आलं: माणसाला गिळवत नाही आणि लेकीच्या लग्नापायी सांगत नाही. मी मऊ भात कालवला, वर गेले, दार ढकललं.

सर टेबलाशी बसून ब्रशनं माझा चीक कागदाला लावत होते.

"बसा ताई. फाइन झालाय. विकतच्या खळीत ही मजा नाही."

मला हसावं की चिडावं कळेना. मऊ भात मात्र त्यांनी आवडीनं खाल्ला, आणि खाताना समजावलं. जपानी कागद कात्रीनं कापायचा नाही. पाण्याची रेघ ओढून हलक्या हातानं फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात, आणि ते तंतूच जुन्या कागदाला धरून ठेवतात. "कापलेली कड नुसती चिकटते. गेनाऊ, नेमकं हेच."

शेवटी कटिंग तयार झालं. दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून ते दुकानात आले आणि उभेच राहिले. मी कापड पसरलं, त्यावर पाठीचा भाग ठेवला. एकेक चीर मिटलेली, एक अक्षरही पुसलेलं नाही. फक्त कडेकडेनं बारीक भोकं तशीच होती. मला वाटलं, म्हातारपणी नजरेतून सुटलं असेल.

"सर, टाचण्यांची भोकं राहिली."

"राहिली नाहीत, ठेवलीत," सर म्हणाले. "ती पुष्पानं टोचलेली आहेत."

आणि पाठ फिरवून रस्त्यावरच्या सायकली बघत राहिले.

मी टाचण्या घेतल्या आणि वाकून एकेक भोक शोधत बसले. वेळ लागला. नवं एकही पाडलं नाही.