परतीच्या कागदाची हकीकत

यंत्रदेवता प्रसन्न असो, विजेचा प्रवाह अखंड राहो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष शुद्ध दशमी, गुरुवार ते दिवशी एका राज्यी वर्तमान वर्तले ते ऐसे जे, सदरहू राज्य फौजफाट्याचे नव्हे, संगणकाचे. चाळीस गावींच्या रक्तपेढ्यांत कोणत्या गटाची पिशवी कोठे आहे हे या राज्याच्या यंत्रावर दिसे, आणि दवाखानेवाले ते पाहून रक्त मागवीत. यंत्रात नवी आवृत्ती बसवणे तर यमुनाबाई सातोसकर यांचा शिक्का लागे. बाईंचा शिरस्ता एकच. नवे बिघडल्यास जुन्यावर कैसे यावे याचा परतीचा कागद करावा, आणि ज्याने लिहिला त्यानेच तो सर्वांदेखत मोठ्याने वाचावा, आणि चाचणीच्या यंत्रावर तैसेच करून दाखवावे. मग शिक्का.

ते समयी सरदार हणमंतराव मिरजगावकर यांणी नवी आवृत्ती सिद्ध केली आणि संक्रांतीच्या आत चालू करितो ऐसा शब्द राज्याचे धनी श्रीमंत यांस देऊन बसले. मग बाईंकडे येऊन बोलिले, "बाई, कागद जोडिला आहे, शिक्का करा. वाचनाचे सोंग कशास?" बाई बोलिल्या, "वाचा, मग करिते." सरदार रागे भरले, आणि तडक श्रीमंतांकडे गेले, आणि कान भरले. श्रीमंतांनी बाईंस बोलावून आज्ञा केली जे, आजच शिक्का करावा, नाही तर हुद्दा सोडावा. बाईंची एकवीस वर्षांची चाकरी. भय वाटले, हे लपवावे कशास. तरी शिक्का श्रीमंतांपुढे ठेविला आणि बोलिल्या, "हुद्दा घ्यावा. फक्त सरदारांनी एकवार वाचावे."

सरदार हसले आणि वाचू लागले. कलम पहिले, नवी आवृत्ती थांबवावी. कलम दुसरे, जागा मोकळी करणेस जुनी प्रत पुसावी. कलम तिसरे, जुनी प्रत परत बसवावी. येथे सरदार थबकले, पुनः दुसरे कलम वाचिले, आणि तोंड एवढेसे जाहले. "पुसलेली कोठून बसवणार," ऐसे आपणच पुटपुटले. श्रीमंतांनी शिक्का बाईंकडे सरकविला. मग सरदारांनी कागद नीट केला, चाचणीच्या यंत्रावर करून दाखविला, बाईंनी शिक्का केला, आणि दुसरे दिवशी सकाळी दहास नवी आवृत्ती चालू जाहली, आणि साडेअकरास बिघडली. बी गटाची पिशवी ओ गटात दिसू लागली. पहिलीच पिशवी नजरेस येताच सरदारांनी स्वतः कागद हाती घेतला, कलमवार चालले, आणि नऊ मिनिटांत जुने यंत्र पूर्ववत उभे केले. इतक्यात तालुक्याच्या दवाखान्यातून सिस्टर विमल तांडेल यांचा फोन आला जे, "बाळंतीण अडली आहे, बी निगेटिव्ह पाहत होते, मध्येच सगळे बंद पडले. आता दिसतेय. काही झाले होते का?" बाईंनी फोन सरदारांकडे दिला. सरदार बोलिले, "सिस्टर, आता जे दिसते ते बरोबर आहे. पिशवी मागवा."

एणेंप्रमाणे हकीकत. लढाई नाही, कोणी पडले नाही. संक्रांतीस सरदार बाईंकडे तिळगूळ घेऊन आले, आणि पुढील कागद आपणहून वाचावयास उभे राहिले. बाळंतीण सुखरूप, मुलगी जाहली. तिच्या घरी यातले काहीएक ठाऊक नाही.